माथ्यावर थांबा नाही

रात्री आठ वाजून दहा मिनिटं. पाथरीच्या घाटाचा पायथा, बंद पडलेल्या खडी क्रशरचं फाटक. चंद्र उगवायचा होता. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. एक पांढरी इलेक्ट्रिक गाडी, आणि गाडीत एक माणूस.

ऐका. आणि त्या कोपऱ्यातल्यांनी आधी मोबाईल खिशात घाला. गोष्ट एकदाच सांगणार आहे.

माणूस कोण? करंजोळचा विठोजी काटकर. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. निवृत्त झाला, आलेल्या पैशातून ही गाडी घेतली. गाव हसलं. बाळकू सुतार तर रोज दारात उभा राहून विचारायचा, "काटकर, ही गाडी का मोबाईल हो? रोज आपली भिंतीला लावलेली!" काटकर म्हणायचा, "बाळकू, तुझी मोटरसायकल घाट उतरताना पेट्रोल परत देते का? माझी देते. उतारावर पाय काढला की ही स्वतःला आवळते, आणि चाकांतली वीज उलटी बॅटरीत भरते. चढताना खाते, उतरताना कमावते." बाळकू हसायचा. हसू दे. हसणाऱ्याचं दार काटकरानं कधी ठोठावलं नव्हतं.

मग करंजोळचा ट्रान्सफॉर्मर जळला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस! वायरमन म्हणे वरून आला नाही. वरचे म्हणत खालून मागणीच आली नाही. मागणीच्या अर्जाची पोच काटकराच्या खिशात! ती दाखवली तर साहेब म्हणाले, शिक्का पुसट आहे. अहो, शिक्का पुसट आहे म्हणून गाव नऊ दिवस अंधारात?

आणि काटकराच्या घरात अंधार परवडणारा नव्हता. त्याची आई, सीताई, वय चौऱ्याऐंशी. फुप्फुसं थकलेली. नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीन विजेवर चालतं. डॉक्टरांनी बजावलेलं, म्हातारीला घाटातून हलवू नका. सिलिंडर मागितला तर तालुक्यात मिळाला नाही. मग काटकरानं काय केलं? गाडी ओसरीला लावली, गाडीतून वायर काढली आणि मशीन गाडीच्या बॅटरीवर चालवलं. होय, चालतं तसं. बॅटरीचा एक टक्का म्हणजे मशीनचा एक तास. हिशोब सोपा. एक टक्का, आईचा एक तास.

दर तीन दिवसांनी तो घाट ओलांडून तालुक्याला जायचा, गाडीत वीज भरून आणायचा. पूर्वी बायका दूरच्या विहिरीवरून हंडे आणायच्या, तसा. तेवढा वेळ गाडीवरूनच भरून ठेवलेला घरातला जुना इन्व्हर्टर मशीन ओढायचा. कसाबसा पाच तास.

जायचं उजेडी, यायचं उजेडी. कारण पाथरीच्या घाटात अंधार पडला की ओझं बसतं. तुम्हाला माहीत आहे. कितीजणांच्या जीपचं पाणी उकळलं, कितीजण मोटरसायकल टाकून पळत आले. जुनी माणसं सांगतात, ओझं बसलं तर माथ्यापर्यंत कसंही जायचं, तिथं थांबायचं, सगळी दारं उघडायची, नारळ फोडायचा. ओझं उतरतं. मग मागं न बघता निघायचं.

पण त्या दिवशी चार्जिंगच्या दोन गनांपैकी एक बंद, दुसरीपुढे तीन गाड्या. निघायला साडेसात झाले. निघताना बॅटरी ब्याऐंशी टक्के. बायकोचा, शेवंताचा फोन आला.

"अहो, इन्व्हर्टर आत्ताच कुईकुई करायला लागलाय."

"दहाच्या आत येतो. आई काय म्हणते?"

"म्हणतायत, विठूला म्हणावं सावकाश ये. मला काही कुठं जायचं नाही."

काटकर हसला. तो सावकाश जाणाऱ्यांतला नव्हता, आणि घाबरणाऱ्यांतला तर मुळीच नव्हता. त्या घाटातून त्यानं बत्तीस वर्षं एसटी नेली होती. प्रत्येक खड्डा नावानं ओळखायचा.

क्रशरचं फाटक आलं. आठ दहा. बॅटरी शहात्तर.

टिंग टिंग टिंग.

पट्ट्याची घंटी. समोरच्या पडद्यावर लाल खूण. मागच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही! काटकरानं आरशात पाहिलं. सीट मोकळी. "सेन्सर बिघडला," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. एकटा माणूस मोठ्यानं बोलतो तेव्हा काय समजायचं ते समजा.

दुसरी खूण लागली. तिसरी लागली. मग शेजारच्या सीटची. मागचा भाग खाली बसला. हळूहळू, पाव इंच, अर्धा इंच, जत्रेच्या दिवशी एसटी बसते तसा.

पहिलं वळण. अडुसष्ट टक्के.

अरे! एका वळणाला आठ? नेहमी एक जातो!

पायाखाली जोर दिला. गाडी पुढे जाईना. वेग चाळीसचा तीस झाला, तीसचा वीस. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो, म्हणून आतलं सगळं ऐकू येतं. मागून श्वास ऐकू येत होते. एकाचा नाही. कुणी खोकत होतं. कोरडा, धुळीचा खोकला. काच आतून पांढरी व्हायला लागली. काटकरानं बोट फिरवलं. वाफ नव्हती. बारीक, खरखरीत, दगडाची पूड होती.

पंचावन्न. चाळीस.

आता मला सांगा, दुसरा कुणी असता तर? गाडी टाकून पळाला असता. मीही पळालो असतो. तुम्हीही, छाती फुगवू नका. पण काटकर पडद्याकडे बघत होता आणि त्याला टक्के दिसत नव्हते, तास दिसत होते. पंचावन्नाचे चाळीस, म्हणजे आईचे पंधरा तास कुणीतरी एका दमात गिळले.

"खा रे," तो दात आवळून म्हणाला, "पण काहीतरी ठेवा. म्हातारीचं आहे ते."

खोकला थांबला. वजन वाढलं. त्याच्या खांद्यावर मागून हात पडला. एक हात, मग दुसरा. एसटीत गर्दी झाली की मागचे ड्रायव्हरच्या सीटला धरून उभे राहतात, तसे. मानेवर थंडगार, खडबडीत बोटं. बावीस टक्के. दहाच्या वेगानं गाडी सरपटत होती. बारा टक्के. नऊ.

माथा आला. सहा टक्के.

आणि सगळ्यांनी एकदम म्हटलं, "दार उघड."

हळू म्हटलं. पण दहा-पंधरा तोंडांतून एकदम. चारही दारांच्या कड्या खटखटायला लागल्या. खट खट खट! दार उघड! काटकराला रीत माहीत होती. थांबायचं, दारं उघडायची, ओझं उतरतं. डॅशबोर्डात नारळसुद्धा होता, शेवंतानं ठेवलेला. हात कडीवर गेला.

आणि तिथंच तो थांबला.

ओझं इथं उतरलं तर? तर गाडी हलकी. हलकी गाडी उतारावर कमावणार किती, चार टक्के? फार तर पाच. मोकळ्या हातानं घरी पोचायचं आणि आईला सांगायचं, दहा तास आहेत, पुरवून श्वास घे?

पण ओझं खाली नेलं तर? ज्या ओझ्यानं चढताना सत्तर टक्के खाल्ले, ते ओझं उतारावर चाकं फिरवेल. जेवढं जड, तेवढी वीज!

काटकरानं कडीवरचा हात काढला. घसा खाकरला. आणि बत्तीस वर्षांच्या आवाजात ओरडला, "माथ्यावर थांबा नाही! गाडी थेट खाली! दारातून आत सरका!"

कड्या थांबल्या. भुतांनासुद्धा असा ड्रायव्हर भेटला नसावा!

गाडी उताराला लागली. काटकरानं पाय काढला. गाडीनं स्वतःला आवळलं. सहाचे सात झाले. आठ. दहा. चाकांचा बारीक सूर निघाला. असं भरताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तेरा टक्के, आणि समोर कोयत्याचं वळण.

ते वळण तुम्ही दिवसा पाहिलंय. डावीकडे कठडा नाही. खाली नदी.

वळण दिसलं आणि मागे आरडाओरड उठली. शब्द नाहीत, नुसती किंकाळी. सगळं वजन उजवीकडून डावीकडे कोसळलं. स्टिअरिंग हातातून निसटलं. उजवी चाकं उचलली! डावं पुढचं चाक डांबर सोडून मुरमावर गेलं, मुरूम खाली ओघळला, आणि दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसेना, नुसती पोकळी दिसली. हे ओझं त्याला मारायला निघालं होतं की स्वतः मरणाला घाबरत होतं? कुणास ठाऊक! तेव्हा दोन्ही सारखंच.

विठोजी काटकरानं ब्रेक दाबला नाही. मुरमावर ब्रेक दाबला की गाडी घसरते, हे एसटी शिकवते. त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून धरलं आणि ओरडला, "बसून घ्या! वळण आहे! एकमेकाला धरा आणि बसून घ्या!"

आणि ते बसले.

खरंच बसले हो. वजन मधोमध आलं. उजवी चाकं टेकली. डावं चाक मुरूम खरवडत डांबरावर चढलं. कोयत्याचं वळण मागं गेलं. आणि मागून कुणीतरी हुंदका दिला. बाईचा आवाज होता.

गाडी उतरत राहिली. अठरा टक्के, पंचवीस, एकतीस. घाट संपला. करंजोळकडच्या पायथ्याशी माळ आहे, तिथं एकेकाळी मजुरांची पालं असायची. पडद्यावर चौतीस. काटकरानं गाडी थांबवली. सगळी दारं उघडली. आणि त्याच बत्तीस वर्षांच्या आवाजात म्हणाला,

"आलं ठिकाण. सावकाश उतरा."

पडद्यावरच्या लाल खुणा विझल्या. एक विझली, बराच वेळ गेला, मग दुसरी. सीटा चारच, पण गाडी उचलत राहिली, उचलत राहिली, किती वेळ! शेवटी एक हात त्याच्या खांद्यावरून निघाला. जाताना थोपटून गेला.

नऊ पन्नासला तो दारात पोचला. बत्तीस टक्के. वायर जोडली. इन्व्हर्टरनं तेव्हाच मान टाकली होती, शेवंता पंख्यानं वारा घालत होती. मशीन घुरघुरलं. सीताईनं डोळे उघडले.

"विठू, किती माणसं घेऊन आलास रे? अंगणात एवढी पावलं वाजली."

"कुणी नाही गं आई. झोप."

बत्तीस तास मिळाले. दुसऱ्या दिवशी उजेडी तो पुन्हा गाडी भरून आला, आणि चौथ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आला. म्हातारी अजून आहे. बाळकू सुतार आता त्या गाडीला हात लावून मगच पुढे जातो.

तेव्हा सांगतो ते कानात साठवा. अंधार पडल्यावर पाथरीच्या घाटानं जाऊ नका. कितीही घाई असो. प्रत्येकाच्या गळ्यात तो बत्तीस वर्षांचा आवाज नसतो.

पण काटकर गप्प बसला नाही. त्यानं पोलीस ठाण्यातून घाटातल्या अपघातांचे कागद मागितले. अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, क्रशरचा एक टेम्पो कोयत्याच्या वळणावरून नदीत गेला होता. पंचनाम्यात लिहिलंय: टेम्पो रिकामा, चालक एकटा, मयत एक. दोन दिवसांत माळावरची पालं उठली. ठेकेदार म्हणाला, बाहेरगावचे मजूर होते, दुसऱ्या कामावर हलवले. कुठल्या कामावर, ते कुणी विचारलं नाही.

क्रशरच्या फाटकाशी वजनकाटा होता. रिकामं असो, भरलेलं असो, प्रत्येक वाहन काट्यावरून बाहेर पडायचं. काट्यावर बसणारे महंमदभाई अजून हयात आहेत. त्यांनी त्या संध्याकाळच्या चिठ्ठीची प्रत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. काटकराला काढून दिली. म्हणाले, "अकरा वर्षांत मागायला आलेले तुम्ही पहिले."

तो टेम्पो रिकामा सतराशे किलोचा. चालकासकट साडेसतराशे धरा. चिठ्ठीवरचा आकडा आहे दोन हजार सहाशे वीस.

वरचे आठशे सत्तर किलो कशाचे होते, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.