उसना हात

(कोरियातल्या चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या आणि पितरांच्या सणाची दुपार. सासरच्या घरामागे, सोयाबीनच्या रांजणांआड मिरान फोनवर बोलते आहे. पलीकडे सोलमधली तिची मैत्रीण हेसुक.)

हेसुक : पण ते प्लास्टर उजव्या हाताला घालायला तुला सांगितलं कुणी?

मिरान : मग काय डाव्या हाताला घालू? सासूबाईंनी लगेच उजव्या हातात उलथणं दिलं असतं.

हेसुक : बरं, तळणातून सुटलीस की नाही तेवढं सांग.

मिरान : सुटले. माशाचे काप, टोफूचे काप, मशरूम, सगळं अंड्यात घोळवून त्यांनी एकटीनं तळलं आणि दर घाण्याला एक सुस्कारा सोडला. मी आपली सोफ्यावर, गळ्यात हात अडकवून. त्या सुस्काऱ्यांपेक्षा अंगावर तेल उडालेलं परवडलं असतं गं.

हेसुक : उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. मागच्या वर्षी हेच खोटं प्लास्टर घालून मी सगळा सण टीव्ही बघत काढला. सासूनं सफरचंद सोलून दिलं मला. सोलून!

मिरान : तुला कुठे माहेरी जायचं होतं? मला जायचंय. आणि ग्यूचल काय म्हणतो माहितीये? ‘अशा हातानं आईकडे मोकपोपर्यंत? एवढ्या गर्दीत? धक्काबिक्का बसला तर? नको, सुट्टी संपेपर्यंत इथेच आराम कर.’ आराम! एरवी मी ताप अंगावर काढून भांडी घासते, तेव्हा याचे डोळे कुठे असतात?

हेसुक : अगं बाई.

मिरान : तेही सगळ्या काकांसमोर. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘बायकोला किती जपतो हो.’ मला ते प्लास्टर त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. आता काका मंडळी जेवून गेली, आणि हा सकाळच्या पूजेत पितरांना वाहिलेली दारू पिऊन घोरतोय.

हेसुक : मग काढून टाक आणि सांग, बरा झाला हात.

मिरान : काय सांगू? सकाळी पितरांना ताट मांडलं, त्यांनी खूश होऊन हाड जोडून दिलं?

हेसुक : वाईट नाही. पितरांना तरी काय दुसरं काम असतं?

मिरान : चेष्टा नको गं. बाबा गेल्यावरचा हा पहिला चुसॉक. भाऊ तिकडे कॅनडात. आईनं एकटीनंच पूजा मांडली असेल, एकटीनंच आवरली असेल. दर वर्षी मी म्हणते, जेवण झालं की निघते. दर वर्षी सासूबाईंचं ठरलेलं, ‘आता यूनजू येईल. नणंदेला भेटल्याशिवाय जाशील?’ मग यूनजूताई येणार, माहेरी आले म्हणून पाय पसरून बसणार, आणि तिच्यासाठी मी पुन्हा ताटं मांडणार. तिला माहेर मिळावं म्हणून मी माझं सोडायचं!

हेसुक : हे सासूच्या तोंडावर बोललीस कधी?

मिरान : तुला सांगतेय ना.

हेसुक : मला सांगून काय होणार? प्रत्येक सणाला माझेच कान! सासूला नाही, नवऱ्याला नाही, हेसुकला फोन. मी काय किमचीचा रांजण आहे, तुझं सगळं आंबवत ठेवायला? लोक मैत्रिणीला हात देतात, मी अख्खा हात काढून दिला, तरी तुझं रडगाणं तेच.

मिरान : चिडू नकोस ना. तू सोडून आहे कोण मला?

हेसुक : म्हणूनच चिडतेय.

मिरान : थांब, तुला स्पीकरवर टाकून इथे झाकणावर ठेवते. हात खाजतोय मेला, काढतेच जरा हे. हं... हुश्श. काय बरं वाटलं.

सासूबाई : मिरान! अगं, कुठे दडून बसलीस? आणि हे माझ्या रांजणावर काय ठेवलंयस?

मिरान : आई! ते... ते...

सासूबाई : प्लास्टर इथे. मग हात कुठे आहे?

मिरान : इथेच आहे.

सासूबाई : दिसतोय. मोडलेला हात खसाखसा खाजवतेयस की.

हेसुक : मिरान? कोण आलंय गं?

सासूबाई : आता हे कोण बोलतंय?

मिरान : मैत्रीण. हेसुक. प्लास्टर तिचंच आहे.

हेसुक : नमस्कार आई. सणाच्या शुभेच्छा.

सासूबाई : तुझ्या शुभेच्छा ठेव तुझ्यापाशी! काल जमिनीवर बसून तळून तळून माझ्या गुडघ्यांचा भुगा झाला, आणि ही महाराणी सोफ्यावर! अगं, तळायचं नव्हतं तर तसं बोलायचं होतंस.

मिरान : बोलले असते तर ऐकलं असतंत?

सासूबाई : नसतं ऐकलं. म्हणून काय बोलायचंच नाही?

मिरान : मग आता बोलते. तळायचा कंटाळा आलाय, खोटं कशाला सांगू. पण ते सोडा. मला माझ्या आईकडे जायचंय. आज. उद्या-परवा नाही, आज.

सासूबाई : आज कसं? यूनजू...

मिरान : झालं! यूनजू येणार. दर वर्षी ती येणार आणि मी थांबणार. मला काय आई नाही?

सासूबाई : यूनजू येत नाहीये.

मिरान : काय?

सासूबाई : तेच सांगायला शोधत होते तुला. आत्ता फोन आला तिचा. सासूनं थांबवून घेतलंय. नणंद यायचीये म्हणे मुलाबाळांना घेऊन, मग ताटं कोण मांडणार! काय बाई आहे का कोण! स्वतःची लेक तेवढी घरी आली पाहिजे, आणि दुसऱ्याची लेक...

हेसुक : आई? आवाज येईना. फोन कट झाला का?

सासूबाई : नाही झाला. गप्प बस तू.

मिरान : बसा ना आई. या कट्ट्यावर बसा. गुडघे दुखतायत ना?

सासूबाई : तिच्यासाठी सोया सॉसमध्ये खेकडे मुरवले होते. फार आवडतात तिला. लहान होती तेव्हा कवचात भात कालवून खायची, बोटं चाटत.

मिरान : मग काय म्हणालात तिला?

सासूबाई : काय म्हणणार? म्हटलं, मी काही वाट बघत नाहीये. घरात माणसंच माणसं आहेत, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तू आपली सावकाश ये.

मिरान : माणसं कुठली? काका तर केव्हाच गेले.

सासूबाई : तिला कुठे दिसतंय तिकडून? ...तुझ्या आईला केलास फोन?

मिरान : सकाळी केला.

सासूबाई : काय म्हणाल्या?

मिरान : म्हणाली, हात सांभाळ, येऊ नकोस. शेजारच्या बायका येऊन बसल्यात, मला मान वर करायला वेळ नाही.

सासूबाई : कुणी आलेलं नाही तिथे. ऊठ.

मिरान : पण गाडी? ग्यूचल तर...

सासूबाई : झोपू दे त्याला. तू चालव. उठला की सांगते मी, खापर माझ्या डोक्यावर फोड म्हणावं. आणि ते खेकडे घेऊन जा, तुझ्या आईला होतील.

मिरान : आणि तुम्ही, आई? एकट्याच?

सासूबाई : माझं काय? मला कुठे श्वास घ्यायला फुरसत आहे.