पागनिसांची पागा

(धारजवळ, नालछ्याच्या रस्त्याला लागून पागनिसांचं शेत. गहू निघून गेलेला. ओसरीत बाजेवर नकाशा पसरलाय. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार बटाटे. शेत पाहणारी अलका, वय सत्तावन्न. देवासहून आलेला तिचा थोरला भाऊ भास्कर. भास्करचा मुलगा मनन.)

अलका : घोडे कुठं राहणार ते कळलं. घोडे कुठं धुणार तेही कळलं. माझी खोली कुठं आहे यात?

मनन : आत्या, एक मिनिट. आधी अरीना तर समजून घ्या ना. हा बघा. साठ मीटर बाय वीस मीटर. मध्ये एक पण खांब नाही, वर पूर्ण छप्पर. म्हणजे बारिश असो, धूप असो, मुलं आतच घोडा चालवणार. माझ्या ईशानीला इंदूरला धुळीत शिकावं लागून राहिलं आहे.

अलका : आत चालवणार म्हणजे घोडा जाणार कुठं?

मनन : जाणार कुठं नाही. गोल-गोल.

अलका : बरं.

भास्कर : अलके, तू त्या 'बरं'नं सुरुवात करू नकोस. हे बघ, पोरानं वर्षभर स्टडी केलाय.

अलका : मी कुठं काय म्हटलं? मी बारा वर्षं खळ्यावर एक पत्र्याची शेड मागत होते. तीस फूट बाय वीस. सोयाबीन काढून ढीग लावला की नेमका पाऊस यायचा, दोनदा तर ढिगातच मोड आले. तू म्हणायचास, शेतीत छपरावर खर्च करणं प्रॅक्टिकल नाही. चूक माझीच. सोयाबीन गोल-गोल फिरवायला हवं होतं.

भास्कर : तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा व्हिजन नव्हती.

अलका : नव्हतीच. बादलीनं पाणी काढून टाकायचो, त्यात राहून गेलं.

मनन : आत्या, तुम्ही त्या आर्किटेक्टला पण काही बोलल्या म्हणे. तो जरा हर्ट झाला.

अलका : हर्ट होण्यासारखं काही नव्हतं रे. म्हटलं, साहेब, ही काळी आहे. वैशाखात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसाळ्यात कणकेसारखी फुगते. खांब मुरमापर्यंत उतरवा, नाही तर दसऱ्यापर्यंत दारं लागायची नाहीत. तर म्हणाला, आंटी, सॉफ्टवेअरमध्ये माती टाकली आहे. मी म्हटलं, टाकली असेल. मग त्यानं चहा मागितला. दोन चमचे साखर.

मनन : हो तर. त्यात सॉइल टाइप टाकतात.

अलका : खोली, मनन.

मनन : हां. खोली. म्हणजे आत्ता तुमची खोली जिथं आहे ना, तिथं व्ह्यूइंग गॅलरी येऊन राहिली आहे. पॅरेंट्स बसणार. काच लागेल, कॉफी मिळेल. तिथूनच सगळ्यात चांगला व्ह्यू येतो आत्या, खरंच.

अलका : येतो. एकवीस वर्षं बघतेय.

भास्कर : म्हणून मी स्वतः आलो. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

अलका : उपकार झाले. म्हशी पंधरा दिवसांसाठी म्हणून धरमपुरीला नेल्या होत्या, त्या विकल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. खोलीचं निदान घरच्या माणसांकडून कळलं.

भास्कर : म्हशींच्या जागी थंडर आणि बिजलीला बांधायचं होतं. दोन महिन्यांपुरतं. आता नवे तबेले झाले की…

अलका : झाले की म्हशी परत येणार?

भास्कर : तसं नव्हे.

अलका : मग दोन महिन्यांपुरतं काय होतं?

भास्कर : अलके, शब्दात पकडू नकोस. मी काय ठरवलंय ते ऐक. तू देवासला ये. आमच्याकडे. पुष्कळ झालं शेत. दुसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. खाली बाग आहे, सकाळी मंडळी योगासनं करतात. सगळी आपलीच, कारखान्यातून रिटायर झालेली. गणपतीत कार्यक्रम असतात. आणि वासंतीला तुझी सोबत होईल.

अलका : वहिनीचं प्लॅस्टर निघालं?

भास्कर : निघालं. महिना झाला.

अलका : उभी राहते?

भास्कर : प्रयत्न चालू आहे. म्हणजे, धरून उभं करावं लागतं. रात्रीतून दोनदा-तीनदा.

अलका : बाई ठेवली होतीस ना?

भास्कर : तीन झाल्या. एक तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, हमसे नहीं होगा बाबूजी. सूनबाईची, नेहाची नोकरी. माझी ही पाठ.

अलका : म्हणजे सोबत.

भास्कर : तू लगेच वाकडा अर्थ काढतेस.

अलका : काढला नाही, होता तो उचलला. नानांना अर्धांग झाला तेव्हाही तू इथंच, याच बाजेवर बसून म्हणाला होतास, नानांना सोबत हवी. मी छत्तीस वर्षांची होते. शाळेची नोकरी सोडून आले सोबतीला. पाच वर्षं त्यांची कूस बदलली. आता मी सत्तावन्नची आहे दादा, आणि वहिनी नानांच्या दुप्पट आहे.

मनन : बाबा, मी बोलू? आत्या, बघा, मी तुमच्यासाठी एक ऑप्शन ठेवला आहे. एकदम सोडायची गरज नाही. शनिवार-रविवार देवासहून तुम्हाला गाडी आणेल. तुम्ही नऊवारी नेसून गेटवर उभ्या राहा. गेस्टना टीका लावा, मग पाच मिनिटं आपली हिस्टरी सांगा. पागनिसांची तीनशे वर्षांची अश्व-परंपरा. अजेय भियाला ही आयडिया खूप आवडली. पैसे त्यांचे लागून राहिले आहेत ना, तर त्यांचं मन पण बघावं लागतं.

अलका : पगार काय?

मनन : आत्या. आपल्याच घरात पगार?

अलका : विसरलेच. आणि कसली म्हणालास परंपरा?

मनन : अश्व-परंपरा. आपले पूर्वज पागेत होते ना? आडनावातच आहे.

अलका : होते की. कोणत्या घोड्याला किती चंदी घातली ते लिहायला होते. भिजवलेला हरभरा. घोड्यावर बसलेला एकही पागनीस मला ठाऊक नाही. नाना तर टांग्यातसुद्धा घोड्याकडे पाठ करून बसायचे.

भास्कर : मुलांसमोर असं बोलू नये.

अलका : एकतीस वर्षांचा आहे तो. त्याचे केस माझ्याआधी गेले.

मनन : पण आत्या, देवघराच्या पेटीत ती सनद मिळाली ना मला? शिक्का आहे तिच्यावर. मी तर स्कॅन करून मोठी करवली आहे. आठ फूट. ॲक्रिलिकवर. गेटमध्ये घुसताच समोर ती दिसणार. खाली पितळेच्या अक्षरांत, 'अश्वदळाची सनद'.

अलका : वाचलीस?

मनन : ती तर मोडीत आहे. मला साधं मराठीच वाचायला वेळ लागतो.

अलका : दादा, तू?

भास्कर : मोडी आता कोण वाचतं?

अलका : नाना वाचायचे. अंथरुणात पडल्या-पडल्या त्यांनी मलाही शिकवली. जीभ जड झाली होती, पण अक्षर लावायला बोट पुरायचं. ती सनद नाही. पागेत हरभरा सलग चार महिने कमी भरतो आहे, सबब कारकून पागनीस यांनी जातीनिशी हजर होऊन कारण सांगावे, असं आहे ते.

भास्कर : म्हणजे… चोरी?

अलका : कमी भरतो, एवढंच लिहिलंय. पुढचा कागद नानांनी बंबात घातला.

भास्कर : मनन, तो बोर्ड थांबव.

मनन : का थांबवू? दिसायला तर किती भारी आहे. वाचणार कोण आहे बाबा? अजेय भिया वाचणार? इंदूरचे पॅरेंट्स वाचणार?

अलका : बरोबर आहे त्याचं. या घरात कागद वाचायची पद्धतच नाही. मी तरी कुठं वाचला?

भास्कर : अलका.

अलका : त्याला ठाऊक नसेल, सांगते. मनन, तुझे आजोबा गेले त्याच्या पुढची दिवाळी. भाऊबीज होती. मी दादाला पाटावर बसवून ओवाळलं. यानं तबकात नारळ ठेवला, साडी ठेवली. साडीखाली कागद होता. म्हणाला, तहसीलमध्ये नानांचं नाव काढून आपलं चढवायचंय, नामांतरण, परवा कचेरीत येऊन सही कर. निरांजन विझेल म्हणून मी तबक खाली ठेवलं नाही, आणि तबक हातात होतं म्हणून कागद वाचला नाही. परवा कचेरीत त्यांनी माझा फोटो काढला, अंगठा घेतला. हक त्याग, असं वर मोठ्या अक्षरांत होतं म्हणे. बाहेर येऊन तुझ्या बाबांनी मला पोहे-जलेबी खाऊ घातली. चांगली होती जलेबी. बायका त्या दिवशी भावाकडून ओवाळणी घेतात, मी घातली.

भास्कर : सगळ्यांच्या बहिणी करतात ती सही. आपल्याकडे रीत आहे. तुझ्या राहण्याला मी कधी नाही म्हटलं? पंधरा वर्षं राहिलीस. कधी जा म्हटलं का मी?

अलका : नाही. आज पहिल्यांदाच.

भास्कर : मी म्हणत नाहीये. हा नकाशा… हे यांचं ठरलंय. मनन आणि त्याचा तो अजेय. मलाही परवाच दाखवला.

अलका : मग तुझी खोली बघितलीस का रे दादा?

भास्कर : माझी आहे. गॅलरीच्या वर. मनन म्हणाला होता. वासंती बरी झाली की हिवाळ्यात आम्ही दोघं येऊन राहणार. कुठं आहे ती, मनन? दाखव आत्याला.

मनन : बाबा, ती फेज टूमध्ये आहे.

भास्कर : फेज टू कधी?

मनन : फेज वन कशी चालते त्याच्यावर. तुम्ही तर देवासला सेटल आहात ना बाबा. तुम्हाला काय घाई?

अलका : घाई नाही त्याला. बटाटा नीट ठेव दादा, नकाशा उडतोय.

भास्कर : पाणी आण जरा.

अलका : माठ तिथंच आहे, एकवीस वर्षं हललेला नाही. मनन, तू सांग. तबेले किती बाय किती?

मनन : बारा बाय बारा. एका घोड्याला एक. खाली रबर मॅट, वर पंखा.

अलका : चांगलं केलंस. थंडरला उकाडा सोसत नाही. परवा अवकाळी आला, आभाळ गडगडलं, तर तो माझ्या पदरात तोंड खुपसून अर्धा तास उभा. नाव ठेवताना जरा बघायचं होतं. आणि तबेल्याला लागून हे चौकोनी काय काढलंय?

मनन : तो सईसचा रूम. दहा बाय दहा. घोड्यांजवळ कुणी तरी लागतंच. त्याला बाथरूम पण दिलं आहे. पण माणूसच मिळून नाही राहिला. महूहून एक आणला होता, माहीतच आहे तुम्हाला.

अलका : तीन दिवस होता. चौथ्या दिवशी माझी छत्री घेऊन गेला. त्याला पगार होता ना?

मनन : हो तर. आणि महिन्याला दोन सुट्ट्या. पगाराशिवाय कोण करणार?

अलका : मी करतेय की. दोन महिने. चारा, पाणी, खरारा, लीद. बिजलीच्या खुरात काच गेली होती तीही मीच काढली. तेव्हा त्या जागेवर माझं नाव घाल.

मनन : कोणत्या जागेवर?

अलका : सईसाच्या.

भास्कर : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? धारमध्ये चार माणसं ओळखतात आपल्याला. पागनिसांची मुलगी सईस म्हणून राबणार? पोराच्या हाताखाली? लोक मला काय म्हणतील?

अलका : दोन महिने मी फुकट लीद उचलतेय, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. तूही म्हणाला नाहीस. आत्यानं उचलली की ती माया असते वाटतं.

भास्कर : आणि वासंतीचं काय?

अलका : वहिनीला माझा नमस्कार सांग. चौथी बाई बघ. दोन सुट्ट्या दे तिला, टिकेल.

भास्कर : इतकी कडू झालीस तू?

अलका : असेन. मनन, तुझं काय म्हणणं? तुझा अजेय भिया काय म्हणेल ते नको सांगू.

मनन : आत्या, मला तर… म्हणजे घोडे तुम्हाला ओळखतात, ते तर आहे. पण तुम्ही विचार करा. नोकरी म्हणजे नोकरी असते. पहाटे पाचला उठायचं. रविवारी तर जास्त काम. आणि सईसला सोडून कुठं जाता येत नाही. पूर्ण वेळ इथंच राहावं लागतं. ती कंडिशनच आहे.

अलका : तेवढं लिहून दे.