दोन्ही बावीसच्याच!

...नाही पण मला एक सांगा, दोन बंदुका आहेत, दोन! वीस नाहीत, दोनशे नाहीत, दोन! दोन्हीत काडतूस तेच, दोन्ही फाडणार समोरचा कागदच, आणि त्यातली एक उचलायला माणसाला पंचेचाळीस मिनिटं लागावीत? माणूस म्हणजे उपेंद्र, माझा नवरा, दुसरं कोण असणार! तुम्हाला सांगते, आमचं लग्न ठरलं तेव्हा हा वीस मिनिटांत 'हो' म्हणाला होता. मी इतकी खूश! मला वाटलं, मी एवढी आवडले? नंतर कळलं, सासूबाईंनी आधीच ठरवलेलं, ह्याला फक्त कांदेपोहे खायला आणलं होतं.

थांबा, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई बंदुकांवरून एवढी का तडकलीय. बंदुका गेल्या खड्ड्यात हो! माझा जीव अडकला होता पाच वाजता बंद होणाऱ्या एका फॉर्ममध्ये. आमची इशानी, बारावी झाली, वय सतरा वर्षं दहा महिने. उपेंद्र इथे आखातात, फुजैराला बंदरावर नोकरीला, तेल भरायला येणाऱ्या जहाजांची कागदपत्रं बघतो, पंधरा वर्षं झाली. आणि रोज जेवताना एक तरी गोष्ट असतेच. अमक्या जहाजावरचा पोरगा नऊ महिने घरी गेला नाही, तमक्याची बोटं दोरात सापडली, कुणाचे वडील गेले तर ह्याला तिकडे चार दिवसांनी कळलं... 'काय जिणं आहे गं विभा हे, काय जिणं आहे!' आणि समोर बसून, आमटीभात कालवत, हे सगळं ऐकून आमच्या पोरीनं काय ठरवावं? जहाजावरच जायचं! डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी! पुण्यात ह्यानं तिची कॉम्प्युटरची सीट पक्की करून ठेवलेली, ती तशीच, आणि हिनं गुपचूप परीक्षा दिली, इंटरव्ह्यू दिला, निवड झाली. अठरा पूर्ण नाहीत म्हणून आई-वडील दोघांच्या सह्या हव्यात. माझी झाली. ह्याची बाकी. आणि तीन आठवडे आम्ही दोघी घरात चोरासारख्या वावरतोय, कारण बाबांना सांगणार कोण? ती म्हणते, 'आई, यू टेल हिम.' मी म्हणते, जहाजावर तू जाणार आहेस, तू सांग!

आता ह्याचा मूड चांगला कधी असतो? हातात एखादं यंत्र असलं की. मग मीच अक्कल पाजळली, दुसरं काय! दीड तासावर वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे, आईबाप बरोबर असले तर मुलांनाही चालतं, माणशी दीडशे दिरम, म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले की हो, पण म्हटलं जाऊ दे. स्लॉट मिळाला तो नेमका फॉर्मच्या शेवटच्या दिवसाचा, साडेतीन ते साडेचार. तो चार गोळ्या उडवेल, खूश होईल, इशानी लाडात येऊन सांगेल, मी पर्समधून फॉर्म काढेन, सही, फोटो, अपलोड, खलास! इतका सोपा प्लॅन.

क्लबवर मुनीरभाई. रत्नागिरीकडचे, वीस वर्षं तिथेच आहेत, आधी हिंदीत बोलले आणि आमचं आपसातलं भांडण ऐकून लगेच मराठीत आले. त्यांनी टेबलावर दोन रायफली ठेवल्या. एक लाकडी दस्त्याची, तिच्या नळीखाली एक लांब नळकांडं, त्यात चौदा गोळ्या एकामागे एक सरकवायच्या. दुसरी काळी, तिला दहा गोळ्यांचं छोटं मॅगझिन, खालून खटकन लावायचं. 'दोन्ही बावीसच्या, म्हणजे पॉइंट बावीस बोअरच्या, दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक. एकदा चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप तयार. नवीन माणसाला दोन्ही एक नंबर. घ्या साहेब, कुठली पन घ्या.'

कुठली पण घ्या! हे उपेंद्रला सांगायचं?

'हां, पण भाई, चौदा म्हणजे चार जास्त ना?' जास्त, साहेब. 'पण भरायला वेळ लागत असेल?' लागतो, साहेब. 'मग दहाचं मॅगझिन दोनदा भरलं तर वीस... आणि अडकायची कुठली जास्त?' दोन्ही साफ आहेत, साहेब. 'वजन?' मग दोन्ही हातांत एकेक धरून, तराजू झाल्यासारखा उभा! मी म्हटलं, अरे दोन्ही बावीसच्याच! तर मला काय म्हणतो? 'विभा, घाईनं घेतलेला निर्णय आयुष्यभर नडतो.' आयुष्यभर? अरे, तासाभरात परत द्यायचीय ती!

पावणेचार. इशानीचा चेहरा असा पांढराफटक. ती दर दोन मिनिटांनी माझ्या कानाशी, 'आई, से समथिंग.' मी म्हणते, आधी त्याला एक तरी गोळी उडवू दे. 'अँड देन आय टेल हिम? विथ अ गन इन हिज हँड?' आता हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता! बघा ना, बंदूक घ्यायच्या आधी सांगावं तर मूड नाही, घेतल्यावर सांगावं तर हातात बंदूक!

चार वाजले. साहेब यूट्यूबवर! रेंजवर उभं राहून, कुणीतरी अमेरिकन आजोबा त्याच दोन रायफलींची तुलना करतायत तो दहा मिनिटांचा व्हिडिओ बघतायत! मुनीरभाई बिचारे कपाळावर हात मारून म्हणाले, 'साहेब, कागदालाच मारायचंय हो, कागद काय पळून जात नाय!' मी म्हटलं, भाई, तुम्हाला आज समजलं, मी एकोणीस वर्षं सोसतेय. दोन्ही बावीसच्याच हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल? मोजलंच नाही.

चार वाजून बारा मिनिटांनी लाकडी पसंत पडली. देवा! कानावर ते आवाज अडवणारे मोठे मफ चढवले, गॉगल लावला, चौदा गोळ्या एकेक करून आत सरकवल्या, खांद्याला दस्ता लावला, श्वास घेतला, आम्ही दोघींनी श्वास रोखला... आणि हा बंदूक हळूच खाली ठेवून मागे वळला. 'विभा, एकदा काळी पण बघू का गं?'

मग मात्र माझा तोल गेला. मी जी ओरडले! 'अरे दोन्ही बावीसच्याच! उचल कुठलीतरी! पोरीला जहाजावर जायचंय, पाच वाजता फॉर्म बंद होतोय, तुझी सही हवीय, कळतंय का तुला काही?' पलीकडच्या लेनमधला एक गोरा वळून बघायला लागला. मुनीरभाईंनी खाली मान घातली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो कानाला मफ लावून हसतमुखानं उभा! 'काय म्हणालीस? काळीच घेऊ ना?'

मला रडू की हसू काही कळेना. मुनीरभाई जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, 'माझा बाप तीस वर्षं जहाजावर होता, बाई. पोरीलाच बोलू द्या.' आणि त्यांनी पुढे होऊन उपेंद्रची लाकडी रायफल आधी रिकामी केली. चौदाच्या चौदा गोळ्या काढून खिशात टाकल्या. शहाणा माणूस!

इशानी सरळ गेली, काळी उचलली, मुनीरभाईंनी दाखवलं तसं मॅगझिन लावलं आणि दहा गोळ्या उडवल्या. टप, टप, टप... घाई नाही, थांबणं नाही. मॅगझिन काढलं, रायफल उघडी करून टेबलावर ठेवली. तारेवरून सरकत कागद जवळ आला तर मधल्या काळ्या गोलात सात भोकं! उपेंद्रनं मफ काढले. डोळे विस्फारलेले. 'काळीच का घेतलीस गं?'

'बिकॉज इट वॉज फ्री, बाबा.' आणि मग त्याच दमात, पोर सगळं बोलली. परीक्षा, इंटरव्ह्यू, निवड, पाच वाजता. पुण्याची सीट नको. शेवटी मराठीत म्हणाली, 'तुमच्या गोष्टी ऐकूनच मला जायचंय, बाबा. तुम्ही रागावू नका ना.'

आता होणार काय? हा पंधरा वर्षांतली सगळी कापलेली बोटं मोजून दाखवणार, दुसऱ्या जहाज कंपन्यांची माहिती मागवणार, दोन महिने विचार करणार. घड्याळात चार वाजून तेवीस मिनिटं. उपेंद्रनं तिच्याकडे बघितलं. मुनीरभाईंना चाळीस प्रश्न विचारणारा हा माणूस, त्यानं पोरीला एकच विचारला. 'पहिल्यांदा घरी कधी येशील?'

'नाइन मंथ्स. मे बी टेन.'

त्यानं हात पुढे केला. मी फॉर्म दिला. मुनीरभाईंच्या टेबलावर ठेवून, त्यांचंच पेन घेऊन, ह्यानं खालच्या रेघेवर सही ठोकली. सहा पानांचा फॉर्म, एक पान उलटलं नाही! मॉलच्या पार्किंगचं तिकीट दोन्ही बाजूंनी वाचणारा माणूस! आणि काय झालं मला काय माहीत, तीन आठवडे ह्याच एका सहीसाठी जीव टांगून बसलेली मी, मीच ओरडले, 'अरे वाच तरी! दोन मिनिटं थांब ना! एवढी कसली घाई आहे तुला?'

पेनाचं टोपण लावत म्हणाला, 'वाचलं तर सही व्हायची नाही, विभा.'

झालं. अपलोड झाला. साडेचारला मुनीरभाई म्हणाले, यल्ला, चला, टाइम संपला. साहेबांनी एकही गोळी उडवलेली नव्हती. सप्टेंबरात इशानी जाणार, मग त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी गाडीत बसून रडत होते, तर हा मला समजावतोय, 'रडू नको गं, आता आपण घरात काहीतरी नवीन आणू.' म्हटलं काय? तर म्हणाला, सोफा.