हसाजीकाकांनी मला का शिकवलं

माझा जन्म म्हसळ्याकडच्या खेड्यातला, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, बाबांचा तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेलीच म्हणायचं. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीद म्हणतो, तिथं हसाजीकाका हज्जान व्हते, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे.

काय सांगू तुम्हाला, एक दिवस काका घाण्यावर आले नि म्हणाले, दान्येलला माझ्याकडं पाठव, पोराचा गळा चांगला हाय, मी शिकवीन, काय देऊ नको. बाबा बरं म्हणाले, पण काका गेल्यावर आईला म्हणाले, फुकट कोण शिकवतो गं, यात कायतरी हाय. तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली, आमची माणसं एकेक घर बंद करून इस्रायलला निघालेली, बाबांच्या मनानं घेतलं की हा पोराला फितवून तिकडं नेणार. मी शिकायला बसलो की बाबा उंबऱ्यावर, हिब्रू कळत न्हाय तरी कान देऊन, मधेच काकांना विचारायचे, आता कुठं जायचं म्हणालास? काका गुडघ्यावर ताल धरायचे, मला म्हणायचे, ओरडू नको, देवाकडं मागतोयस, भांडत न्हाईस. स्वतः मात्र नुसतं गुणगुणायचे, बाबांना त्याचाही संशय.

मला तेरा पुरी झाली त्या वर्षी दार फाळणीचा सण आला, आमचा मोठा उपास, नि संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला काकांनी मला पुढं ओढून आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. बाबा उठले, भरल्या मशिदीत म्हणाले, बघा, आता याला घेऊन जाणार. काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, अरे मोशे, माझा गळा गेला, वर सूर लागत न्हाय, आधी सांगितलं असतं तर गाणारा न्हाय म्हणून लोकांनी मशिदीला कुलूप लावलं असतं. बाबा खाली बसले. मी गायलो, आई पदरानं डोळे पुसत व्हती.

नि पुढल्या पावसाळ्यानंतर काकाच गेले, बायको-पोरांसकट, इस्रायलला. बाबा म्हणाले, गळाबिळा काय न्हाय, त्याला जायचं व्हतं, आपल्या जागेवर तुला बांधून गेला. मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. मला ठाऊक न्हाय. कधी वाटतं गळा खरंच गेला असंल, कधी वाटतं बाबांचंच खरं. पण शिकवताना काकांनी हातचं राखलं न्हाय, ते मी गातो तेव्हा मला कळतं.

आता सणाला मुंबईची माणसं आली तरच दहा पुरुष भरतात, त्याबिगर प्रार्थना पुरी होत न्हाय. आली तर मोठ्यानं गातो, न्हाय आली तर एकटाच बसून म्हणतो. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, देव तुमच्या घरादाराला सुखी ठेवो.