पाचवी राहिली

(कल्याणचा फ्लॅट, दिवेलागण. संचिताच्या बाळाची आज पाचवी. देवळात प्रवचनं करणारी तिची आई विमलाबाई पूजा मांडते आहे.)

विमलाबाई : ...पाटा नाही म्हणजे काय? मग सटवाईला पुजायचं कशावर?

संचिता : मिक्सर आहे ना. त्यालाच लाव हळदकुंकू.

विमलाबाई : जिभेला काही हाड! शेजारून आणते मागून. आधी कोरा कागद दे. ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते.

संचिता : माझ्या पाचवीला कसला कागद ठेवलेलास?

विमलाबाई : तो... असाच की. पांढरा.

संचिता : आणि मी जन्मले तेव्हा लाइट गेलेली, नर्सने टॉर्च धरलेला?

विमलाबाई : शंभरदा सांगितलंय.

संचिता : राहू दे गं आता. मधुमावशीने मला बारावीतच सांगितलेलं. मी तीन महिन्यांची असताना तू मला ठाण्याच्या अनाथाश्रमातून आणलंस.

विमलाबाई : बारावीत? आणि इतकी वर्षं तू गप्प?

संचिता : तू सांगशील म्हणून थांबलेले. तुझ्या प्रत्येक प्रवचनाला पुढे बसायचे, आठवतं? कुणी नांगराच्या तासात सापडली, कुणी नदीत सोडलेल्या पेटीत, कुणी घड्यातून आला. कूळ देहाला असतं, आत्म्याला नाही, असं सांगायचीस. बायका डोळे पुसायच्या. मला वाटायचं, आज सांगेल. आज नक्की.

विमलाबाई : परतताना रिक्षात दर वेळी ठरवायचे गं. पण तू माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेली असायचीस. वाटायचं, हे ऐकलं की मान उचलशील, आणि मग पुन्हा कधी टेकणार नाहीस.

संचिता : झोपलेली नसायचे मी. वाट बघायचे.

विमलाबाई : अरे देवा... जगाला सांगत सुटले, आणि पोटच्या... माझ्या पोरीलाच नाही. तुझी पाचवी कुणी केली की तशीच राहिली, तेही मला ठाऊक नाही बाळा.

संचिता : ते सोड. आणलंस त्या दिवशीचं सांग.

विमलाबाई : पिवळं झबलं होतं अंगात, ढगळ. एसटीत माझी करंगळी धरलीस, ती कल्याण येईपर्यंत सोडली नाहीस. घामाने नुसती निथळत होते मी, पण पुसायलासुद्धा हात सोडवून घेतला नाही.

संचिता : एवढं खरं होतं तुझ्याजवळ, आई. आणि तू टॉर्चचं सांगत राहिलीस.