सीनेत सोडलेल्या कॅसेटी

बलभीम : या मायबापहो, जवळ सरकून बसा. आज तुमाला एक गोष्ट ऐकवतो. आमच्या सोनारीचे नारायणबुवा कीर्तनाला हुबं राह्यले की…

शिवांजली : तात्या, थांबा. साइटच्या सुरुवातीचं रेकॉर्डिंग राहू द्या.

बलभीम : आगं, आत्ता कुठं घसा मोकळा झाला हुता! सकाळपसनं नुस्तं थांबा न् थांबा.

शिवांजली : साइट चालू झाली. पण रिकामी आहे.

बलभीम : रिकामी म्हंजी?

शिवांजली : पान उघडतंय, बुवांचा फोटो दिसतोय. कीर्तन एकही नाही.

बलभीम : मशीन तापलं आसल. पंखा फिरवू का तिकडं?

शिवांजली : मशीनला काही झालं नाही. तुम्ही मोबाईलवरनं चढवलेली कीर्तनं मोबाईलमध्ये असतील ना अजून?

बलभीम : न्हाय की. ह्या डबड्यात जागा कुठं हाय? टेप चालू करायचा, म्होरं मोबाईल धरायचा, कीर्तन सरलं की साइटवर चढवायचं, अन् मोबाईलमधलं पुसायचं. उन्हाळाभर दुसरा धंदा केला न्हाय म्या.

शिवांजली : बरं. बरं. मग परत करू. सुट्टी वाढवून घेते. कॅसेटींची ट्रंक कुठंय?

बलभीम : ट्रंक हाय माळ्यावर.

शिवांजली : आणि कॅसेटी?

बलभीम : सीनेत सोडल्या.

शिवांजली : काय?

बलभीम : पोथी जीर्ण झाली तर रद्दीत घालतो व्हय आपण? पाण्यातच सोडतो की. कालभैरवाचं दर्शन घेतलं, कॅसेटींना हळदकुंकू लावलं, अन् दिल्या सोडून. म्हणलं, वाणी वर गेली, आता कुडीचं काय काम?

शिवांजली : मला एक फोन करायचा होता, तात्या.

बलभीम : तुला काय इचारायचं? तूच म्हणलीस, एकदा चढलं की कायमचं राहतं.

शिवांजली : म्हणाले होते.

बलभीम : रडतीस का, शिवे?

शिवांजली : नाही. डोळे चुरचुरतायत. रात्री गाडीत झोप नाही, अन् सकाळपासून ह्या स्क्रीनपुढं.

बलभीम : मला समजंल आसं सांग. झालं काय?

शिवांजली : आपल्या साइटचा सगळा पसारा मशीनमधल्या एका बंद डब्यात भरलेला असतो. पान, फोटो, कीर्तन वाजवायची सोय, सगळं. सुधारणा करायची म्हणजे नवा डबा चढवायचा, जुना काढून टाकायचा. म्हणून डब्यात काही साठवायचं नसतं. साठवायचं ते बाहेर, मशीनच्या कपाटात. त्या कपाटाला डबा जोडायची एक ओळ असते. पुण्यात तपासताना लिहिली होती. इथं लिहायची राहिली.

बलभीम : म्हंजी लग्नाचा आहेर घरात ठिवायचा सोडून टमटमीत ठिवला, अन् टमटमच बदलली.

शिवांजली : तसंच. दुसरीकडं कुठं फुकटात टाकलं असतं तर हे झालंच नसतं.

बलभीम : अन् मधी साबणाची जाहिरात? बुवांनी आख्यानात सगळा मांडव रडवत आणलाय, द्रौपदी हाक माराय लागलीय, अन् मधीच कोण केस धुतंय! नगं बाई. आपलं मशीन, आपलं घर, तेच बरं.

शिवांजली : लक्ष्मीकाकूंना फोन करा. येऊ नका म्हणावं.

बलभीम : त्या कवाच बसल्यात परंड्याहून यष्टीत. काय सांगू आता? धोंडीबानं जलमभर बुवांच्या म्होरं टेप धरला. समद्यांचा आवाज घेतला, सोताचा कदी न्हाय. त्या एका परंड्याच्या कॅसेटीत तेवढा सुरवातीला बोललाय बायकुला. ‘लक्ष्मे, म्होरं ये, हितं ऐकू येतंय.’ धोंडीबा गेल्यापसनं तेवढंच मागणं हाय माउलीचं. कीर्तनसुदिक नगं म्हणली.

शिवांजली : तात्या, हा चहाचा कप कधी आणलात?

बलभीम : मघा. तू नवा डबा चढवला तवा. का?

शिवांजली : मग मी जुना नुसता थांबवला. काढून टाकायची आज्ञा लिहिणार, तेवढ्यात तुम्ही चहा पुढं केलात. तो आहे अजून!

बलभीम : उघड की मग!

शिवांजली : उघडतेय. येरमाळ्याची चैत्रातली यात्रा. आली. नवरात्रातलं. आलं. सप्त्यातलं काल्याचं. आलं. येतायत तात्या, बाहेर कपाटात येतायत.

बलभीम : कालभैरवा, पावलास रं बाबा! परंड्याची?

शिवांजली : ती नाही ह्यात.

बलभीम : नीट बघ. पयली तीच चढवली हुती.

शिवांजली : पहिली. हो. म्हणूनच नाही. त्यानंतर मी पुण्याहूनच एक दुरुस्ती पाठवली होती. तेव्हाचा जुना डबा त्याच वेळी पुसला. तुम्हाला ती गायब दिसली नव्हती?

बलभीम : दिसली. म्हणलं, वैनीसाठी तू बाजूला काढून ठिवली आसल.

शिवांजली : मी सांगेन त्यांना. तुम्ही काही बोलू नका.

(लक्ष्मीबाई दारात चपला काढून आत येतात.)

लक्ष्मीबाई : लागलं का भावजी? यष्टीत हुबी राहूनच आले बगा.

बलभीम : बसा वैनी. पाणी घ्या.

लक्ष्मीबाई : पाणी मागून. आदी ऐकवा.

शिवांजली : काकू, परंड्याचं कीर्तन गेलं. माझ्या हातनं पुसलं गेलं. परत येणार नाही.

बलभीम : अन् कॅसेट म्या नदीत सोडली.

लक्ष्मीबाई : म्हंजी दोगांनी मिळून घालवलं.

बलभीम : व्हय, वैनी.

लक्ष्मीबाई : बाकीचं?

शिवांजली : बाकीचं वाचलं. पण त्यात धोंडीबाकाका कुठं बोलत नाहीत.

लक्ष्मीबाई : लाव एखादं. यवढी आले तर बुवांचा तरी आवाज कानावरनं जाऊ दे.

शिवांजली : येरमाळ्याचं लावते.

लक्ष्मीबाई : … थांब गं. मागं घे.

शिवांजली : बुवांनी अजून सुरुवातच केली नाही, काकू.

लक्ष्मीबाई : त्येच्या आदीचं. ते खोकलं कोण?

बलभीम : इतक्या जवळ? टेपला खेटून एकटा त्योच बसायचा.

लक्ष्मीबाई : त्येच ते. बटन दाबलं की एकदा खोकून घ्यायचे, अन् मंग कीर्तन सरंस्तवर घसा दाबून बसायचे. घरातसुदिक खोकला आला की तोंडाला टॉवेल धरायचे. म्या म्हणायची, आवो, हितं कुठं बुवा बसल्यात? दुसरं लाव.

शिवांजली : हे नवरात्रातलं… आहे. ह्यातही आहे.

लक्ष्मीबाई : आन काल्याच्या कीर्तनात?

शिवांजली : आहे.

लक्ष्मीबाई : बगा. म्या एकाच्या आशेनं आले हुते.

शिवांजली : तात्या, एक सांगायचं राहिलं. आजच्या नव्या डब्यात मी आवाज साफ करायची सोय घातलीय. साइटवर वाजताना खरखर, खोकला, सगळं आपोआप गाळलं जातं; आत्ता ऐकलं ते कपाटातलं मूळ.

बलभीम : मग?

शिवांजली : ती काढते. परत डबा बांधावा लागेल, परत चढवावा लागेल. आधी कपाट जोडते. तुम्हीच वाचून बघा ती ओळ.

बलभीम : मला काय कळतंय त्यातलं? पर वाचतो. अन् चहा ठिवतो परत, ह्यो पार गार झालाय.

लक्ष्मीबाई : चहा म्या करते. तुमी तुमचं काम करा, भावजी.

शिवांजली : … झालं, तात्या. चढलं. कीर्तनं जागेवर आहेत. बोला आता, थांबवत नाही.

बलभीम : या मायबापहो, म्होरं या, हितं ऐकू येतंय. नारायणबुवांचं कीर्तन तुमी ऐकणार हायसा. बुवांला सारा मुलूख वळखतो, त्यांचं म्या काय सांगू? पर सुरवातीला एक माणूस खोकंल. त्यो धोंडीबा. त्येवढा ध्यानात ठिवा.