भामाबाई घरत यांच्या आवाजाबाबत

मी, शशिकला चारुदत्त देवस्थळी, वय ५८ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार सी-४०४, समभाव गृहसंकुल, पळस्पे, ता. पनवेल. आज पोलीस ठाण्यात एकटी हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पतींसह सहा वर्षांपासून राहते. संकुलात समानतेचे नियम आहेत. दारावर नाव लावायचे नाही, फक्त क्रमांक. पडदे एकाच रंगाचे. मुलांना मिळालेली बक्षिसे समितीकडे जमा करायची. एकाचे कौतुक झाले की दुसऱ्याला कमीपणा वाटतो, असे अध्यक्ष इंद्रजीत सावंत सांगतात. सुरुवातीला मलाही ते पटले होते.

शेजारी सी-४०३ मध्ये भामा दाजी घरत, वय अंदाजे ६६, राहतात. त्यांच्या गावच्या जमिनीवरच संकुल उभे आहे. त्या धवलारीण आहेत, म्हणजे आगरी लग्नांत विधीची गाणी म्हणतात. दुपारी भांडी घासताना त्या गात. आमच्या भिंतीतून ऐकू येई. त्या वेळेत मी मिक्सर लावत नसे.

दि. ९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास सावंत व समितीच्या दोन बायका त्यांना 'समतोल वर्गा'साठी घेऊन गेले. जाताना भामाबाई मला म्हणाल्या, "बाय, मी काय चोरी केली नाय. मी हाय तशीच हाय." (त्यांचे शब्द दुरुस्त न करता लिहावेत, ही विनंती.) वर्ग कुठे भरतो हे सावंतांनी सांगितले नाही.

दि. २१ रोजी दुपारी त्या परतल्या. मी आमटी घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "धन्यवाद. मी ठीक आहे." उच्चार बातम्या वाचणाऱ्या बाईसारखे होते. २४ तारखेला त्यांच्या नातीची, समीक्षाची, हळद होती. बायकांनी गाणे म्हणायला सांगितले. त्या म्हणाल्या, "मला तसले काही येत नाही. सगळ्यांसाठी एकच गाणे लावा." समीक्षा रडली. भामाबाईंनी वर पाहिले नाही. चेहरा तोच आहे, हातावरचे गोंदणही तेच आहे. तरी बारा दिवसांत त्यांना काहीतरी केले गेले, असा माझा संशय आहे.

भामाबाईंना वर्गाला नेण्याआधी त्यांच्या गाण्याबद्दल आलेली समितीची नोटीस काल समीक्षाने मला दाखवली. तक्रारदाराचे नाव नव्हते. पुरावा म्हणून पाठवलेले ध्वनिमुद्रण तिच्या मोबाईलवर ऐकवले. ते अर्ध्या मिनिटाचे होते. गाण्यामागे दोनचे टोले पडले. टोल्यांचे घड्याळ त्या मजल्यावर फक्त आमच्याकडे आहे.

मी पतींना विचारले. ते पेपर वाचत होते. आधी म्हणाले, नियम सर्वांना सारखा. मी तिथेच उभी राहिले. तेव्हा म्हणाले, "ती गायला लागली की तू माझ्याशी बोलायची थांबायचीस."



आज सकाळी ते अंघोळीला गेले असता मी त्यांचा मोबाईल घेऊन निघाले. समितीतील एक बाई रिक्षा स्टँडपर्यंत माझ्या मागे होत्या. मोबाईलमध्ये नऊ दुपारांची पूर्ण गाणी आहेत. खात्री करण्यासाठी हवालदार नीता भोईर यांनी एक लावून पाहिले. ते संपेपर्यंत त्यांनी बंद केले नाही.

मोबाईल मी हजर करीत आहे. पतींवर जी कारवाई होईल ती व्हावी. मात्र भामाबाईंच्या पूर्ण गाण्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. तपास संपल्यानंतरही ती पुसली जाऊ नयेत.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तेच त्यात आले आहे, म्हणून सही करते.